१२१ पराभव. आता तरी संघ सोडावा का?

पस्तिसावा_रस्ता | २८ सप्टेंबर २०२४, सकाळी ८.१५

मंडळी, काल रात्री डेट्रॉइटमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स ४-१ असे हरले. या मोसमातला हा १२१ वा पराभव. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके सामने कुणीही हरलेलं नाही. १९६२ सालच्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा विक्रम बासष्ट वर्षं टिकला होता, तो आता आमच्या माथी आला.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक संघ मोसमात १६२ सामने खेळतो, मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज. त्यामुळे अगदी सुमार संघसुद्धा साठ-पासष्ट सामने जिंकून जातो. आम्ही आजच्या घडीला ३९ वर आहोत. सुरुवातच ३ विजय आणि २२ पराभव अशी झाली. जुलै-ऑगस्टमध्ये सलग २१ सामने हरलो, तेव्हा रोज सकाळी चहा टाकायच्या आधी फोन बघायचो आणि तसाच पालथा ठेवायचो. त्या मालिकेनंतर दोन दिवसांत मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं आणि ग्रेडी साइझमोर यांना हंगामी बसवलं. त्याने काय होणार होतं? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मी २००४ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून इथल्या आयआयटीत एमएस करायला आलो. ही आयआयटी म्हणजे इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, स्टेट स्ट्रीटवर. पस्तिसाव्या रस्त्याने डॅन रायन हायवेवरचा पूल ओलांडला की समोर स्टेडियम. होम रन, म्हणजे षटकारासारखा फटका, बसला की तिथे स्कोअरबोर्डवरून फटाके उडतात. पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं खोलीत कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलो होतो, तेवढ्यात बाहेर धडाम्-धूम् सुरू झालं. आमच्यातला एक जण घाबरून खिडकीतून मागे सरला. मग कळलं की पलीकडे सामना चालू आहे. त्यानंतर वरच्या मजल्यावरचं स्वस्तातलं तिकीट काढून जायला लागलो. नियम कळत नव्हते. शेजारी बसणारे म्हातारे काका प्रत्येक चेंडूला मला समजावून सांगायचे. आईवडिलांपासून इतक्या लांब त्या वर्षी मला कुणी एवढा वेळ दिला असेल तर त्यांनी.

आणि मग २००५. ९९ विजय, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, ह्यूस्टनला ४-० असं धुतलं. १९१७ नंतर पहिल्यांदा. शेवटचा सामना १-०. हुआन उरिबेने पुढे धावत येऊन चेंडू उचलला, पॉल कोनेर्कोकडे फेकला, आणि खाली रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले ते पहाटेपर्यंत. २८ ऑक्टोबरच्या मिरवणुकीला मी लॅब बुडवून गेलो होतो. ते काका तिथे दिसले. ऐंशी वर्षांचा माणूस रडत होता.

म्हणून सांगतो, माझा राग हरण्यावर नाही. हरणं मला चालतं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये ख्रिस सेलसारखा पिचर (गोलंदाज) विकला आणि आम्हाला सांगितलं गेलं की आता नव्याने बांधणी करायची आहे, थोडी वर्षं सोसा. आम्ही सोसलं. २०१८ ला १०० सामने हरलो, तरी जात होतो. २०२१ ला ९३ सामने जिंकून गट जिंकला. आता फळं लागणार असं वाटत असतानाच २०२२ मध्ये ८१-८१, २०२३ मध्ये १०१ पराभव, आणि आता हे. बांधलं कधी आणि पाडलं कधी, कळलंच नाही. आता पुन्हा तेच ऐकवतायत, नव्याने बांधणी, थोडं सोसा.

जेरी राइन्सडॉर्फ १९८१ पासून मालक आहेत. या संघाने आजवर एकाही खेळाडूशी १० कोटी डॉलरचा करार केलेला नाही. सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिनटेंडीचा, पाच वर्षांचे साडेसात कोटी. शिकागोसारख्या शहरातला संघ आहे हा!

मंगळवारी मुलीला घेऊन एंजल्सविरुद्धच्या सामन्याला गेलो होतो. १२० पराभव झालेले, आज विक्रम होणार म्हणून लोक आलेले. "सेल द टीम, सेल द टीम", म्हणजे संघ विका, असा घोष चालू होता. संघ मागे होता आणि आपलेच लोक टाळ्या वाजवत होते. मग आठव्या इनिंगमध्ये आमच्या पोरांनी तीन धावा काढल्या आणि ३-२ जिंकले. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिने विचारलं, "बाबा, आपण जिंकलो तर हे लोक चिडले का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर प्रश्न असा आहे की वीस वर्षांनी माणसाने संघ सोडावा का? कुणी सोडला आहे का? आणि सोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

---

कांदाभजी | २८ सप्टेंबर, ८.४०

पहिला मी! बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, पण कुकरच्या शिट्ट्यांवर फटाके ही जुगलबंदी आवडली. वाचतोय.

---

उत्तरवासी | २८ सप्टेंबर, ९.०५

रस्ता काका, मी त्याच शहरातला, पण उत्तरेकडचा. कब्जवाला, म्हणजे शिकागोच्या दुसऱ्या संघाचा. २०१६ मध्ये १०८ वर्षांनी जिंकलो आम्ही. या ना आमच्याकडे, जागा आहे. आमच्या मैदानात, रिग्ली फील्डला, वडापाव मी आणतो.

---

पस्तिसावा_रस्ता | २८ सप्टेंबर, ९.१२

@उत्तरवासी, वडापावला नाही म्हणणार नाही. पण सॉक्स सोडून कब्जकडे? ते काका स्वर्गातून खाली येतील.

---

आकडेबहाद्दर | २८ सप्टेंबर, ९.३०

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. पराभवांची संख्या तुमची सर्वांत जास्त आहे हे खरं, पण टक्केवारीत तुम्ही सर्वांत वाईट नाही. मेट्सनी १९६२ मध्ये १६० सामन्यांत ४० जिंकले, म्हणजे .२५०. फिलाडेल्फिया अ‍ॅथलेटिक्सने १९१६ मध्ये ३६ जिंकून ११७ हरले, .२३५. त्या काळी १५४ सामन्यांचा मोसम असायचा. उरलेल्या दोन सामन्यांपैकी एक जरी जिंकलात तरी ४०-१२२, .२४७. दोन्ही जिंकलात तर .२५३, म्हणजे मेट्सच्या वर.

१९०० च्या आधीचं धरायचं तर १८९९ चे क्लीव्हलँड स्पायडर्स आहेतच. २० विजय, १३४ पराभव.

---

सदाशिव_पेठी | २८ सप्टेंबर, ९.४५

१३४!! ते कसं काय जमवलं?

---

आकडेबहाद्दर | २८ सप्टेंबर, १०.०२

@सदाशिव_पेठी, मालकांनी जमवलं. त्याच मालकांनी सेंट लुईसचा संघही विकत घेतला आणि क्लीव्हलँडचे चांगले खेळाडू तिकडे नेले, साय यंगसुद्धा. तोच साय यंग, ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार देतात. क्लीव्हलँडमध्ये लोक यायचेच बंद झाले, मग संघ बहुतेक सामने परगावीच खेळला. मोसम संपला आणि संघच बंद केला.

म्हणजे धागाकर्ते म्हणतात ते जुनंच आहे. मैदानात दिसणारा पराभव आधी कचेरीत ठरलेला असतो.

---

मिशिगनकर | २८ सप्टेंबर, १०.२०

काल रात्री मी त्याच स्टेडियममध्ये होतो, पण दुसऱ्या बाजूला. आमच्या टायगर्सने त्याच सामन्यात प्लेऑफची, म्हणजे बाद फेरीची, जागा पक्की केली, २०१४ नंतर पहिल्यांदा. आम्ही सगळे नाचत होतो. समोरच्या संघाच्या नावावर त्या क्षणी काय लिहिलं गेलंय याचं भान घरी येताना गाडीत आलं.

रस्ता, तुला एक सांगतो. गेल्या रविवारपर्यंत अमेरिकन लीगचा (आपले दोन्ही संघ असलेल्या लीगचा) पराभवांचा विक्रम आमचा होता. २००३, डेट्रॉइट, ४३-११९. मी तेव्हा इथे नवीन होतो, ऑफिसात सगळे रोज मान खाली घालून यायचे. शेवटच्या सहापैकी पाच सामने जिंकले म्हणून मेट्सच्या पंक्तीला बसायचं टळलं. आणि तीनच वर्षांनी, २००६ मध्ये, आम्ही वर्ल्ड सिरीज खेळत होतो. हरलो कार्डिनल्सकडून, पण खेळलो तर खरे! तेव्हा ११९ च्या वर्षी जे निघून गेले होते ते परत आले, आणि जे थांबले होते त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक होती. थांब रे बाबा.

---

न्यूजर्सीचा_नाना | २८ सप्टेंबर, १०.५०

मिशिगनकरांना दुजोरा. मी मेट्सवाला, १९८६ पासून. १२० हरलेला तो आमचाच संघ १९६९ मध्ये अजिंक्य झाला. सात वर्षांत.

पण १९६२ चा संघ नवा कोरा होता, पहिलाच मोसम. इतर संघांनी टाकलेले खेळाडू गोळा करून उभा केलेला. न्यूयॉर्कमधून डॉजर्स आणि जायंट्स दोन्ही कॅलिफोर्नियाला निघून गेले होते, त्यामुळे लोकांना हरणारा का होईना, आपला संघ हवा होता. म्हणून त्यांच्यावर माया केली. शिकागोत १९०१ पासूनचा संघ आहे. त्याची अशी अवस्था व्हावी हे जास्त लागतं.

---

ओवी_आणि_अभंग | २८ सप्टेंबर, ११.१५

मला खरंच कळत नाही म्हणून विचारते. माझा नवराही असाच. फुटबॉलचा संघ हरला की रविवारचं जेवण गप्प गप्प. ज्या लोकांना आपण ओळखत नाही, जे पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी खेळायला जातील, त्यांच्यासाठी घरच्यांचा दिवस का खराब करायचा? पस्तिसावा_रस्ता, तुमच्या मुलीने विचारलेला प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. तिला काय सांगितलंत मग?

---

रणजीवेडा | २८ सप्टेंबर, ११.४०

ओवीताई, खेळाडू जातात हे बरोबर. पण माणूस खेळाडूंचा नसतो हो, गावाचा असतो.

मी महाराष्ट्राच्या रणजी संघाचा चाहता आहे. हसू नका. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोनदा रणजी जिंकली, त्यानंतर आजतागायत नाही. माझे आजोबा ते सांगायचे, वडील सांगायचे, मीही सांगतो. १९७०-७१ च्या अंतिम सामन्यात मुंबईकडून हरलो, १९९२-९३ ला पंजाबकडून, २०१३-१४ ला कर्नाटककडून. त्या शेवटच्या मोसमात केदार जाधवने १२२३ धावा काढल्या होत्या. अंतिम सामन्यासाठी मी रात्रीच्या गाडीने हैदराबादला गेलो. मैदानात आमच्या बाजूचे मोजून तीसेक लोक असतील. हरल्यावर त्यातल्या एका अनोळखी गृहस्थांनी मला डब्यातला धपाटा दिला, "खा, रात्रीचा प्रवास आहे" म्हणाले. सोलापूरचे होते. आजही दर नोव्हेंबरला आमचा फोन होतो.

रस्ता, सोडू नकोस. ऐंशी वर्षं झाली की मग बोलू.

---

वऱ्हाडी_ठेचा | २८ सप्टेंबर, १२.०५

रणजीवेडा भाऊ, तुमी ऐंशी वर्षं वाट पाहून राह्यले, आन् आमी २०१७-१८ ला पहिल्यांदा फायनलमंदी गेलो आन् जिंकूनच आलो. इंदूरले, दिल्लीच्या विरोधात, रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्या साली पुन्हा! :-)

पन एक गोष्ट खरी सांगतो. त्याच्या आधी साठ वर्षं आमाले कोनी विचारत नोव्हतं. नागपूरले मॅच असली तं दोन कुत्रे आन् एक चहावाला. फरक कायनं पडला? लहान पोराईच्या अकादमीवर पैसा लावला, चंद्रकांत पंडितांसारखा कडक कोच आनला, वसीम जाफरसारखा माणूस आनला. आधी कचेरी सुधारली, मंग मैदान.

---

सदाशिव_पेठी | २८ सप्टेंबर, १२.३०

ठेचा, वर्मावर बोट ठेवलंत. पण विदर्भाची संघटना आणि एका माणसाच्या मालकीचा संघ यांत फरक आहे. संघटनेत निवडणूक तरी होते. मालकाला कोण बदलणार?

गहुंज्याला पुणे वॉरियर्सचे सामने पाहिलेत मी. २०१२ ला तळाला, आणि २०१३ नंतर संघच नाही. निळा टीशर्ट अजून कपाटात आहे, बायको पोछ्याला मागते, मी देत नाही.

---

खाडीपलीकडे | २८ सप्टेंबर, १.१०

हा धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. एरवी मी फक्त वाचक.

तुमचा संघ हरतोय. आमचा गेला. परवा २६ तारखेला ओकलँड कोलिझियममध्ये ए'जचा, म्हणजे ओकलँड अ‍ॅथलेटिक्सचा, शेवटचा सामना झाला. १९६८ पासून इथे होते, चार वर्ल्ड सिरीज जिंकल्या इथे. आता तीन वर्षं सॅक्रामेंटो, मग लास वेगस. ४६,८८९ लोक आले होते. ३-२ जिंकलो. संपल्यावर कुणी उठेना. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी रेडिओ कानाला लावलेला होता, सामना संपून पाऊण तास झाला तरी तो कानालाच. मैदानातली मूठभर माती एका कपात घरी आणलीय. काल सकाळी देवघर पुसताना तो कप उचलून कुठे ठेवावा सुचेना, शेवटी तुळशीजवळ ठेवला.

"संघ विका" आम्हीही ओरडलो होतो. गेल्या वर्षी १३ जूनला लोकांनी ठरवून गर्दी केली, २७ हजारांवर. घोषणा दिल्या, टीव्हीवर आलं. काही उपयोग झाला नाही.

पस्तिसावा_रस्ता, तुमची ती २१ पराभवांची मालिका आमच्याच मैदानात तुटली, ६ ऑगस्टला, ५-१. मी होते तिथे. माझा संघ हरला आणि तुमची मुलं डगआउटमध्ये एकमेकांना मिठ्या मारताना पाहून मलाच बरं वाटलं. तुम्ही विचारताय सोडावा का. तुमच्याकडे सोडायला संघ आहे हो.

---

कांदाभजी | २८ सप्टेंबर, १.२५

खाडीपलीकडे, तुळशीजवळची माती... आता विनोद सुचत नाहीये.

---

पस्तिसावा_रस्ता | २८ सप्टेंबर, २.००

@खाडीपलीकडे, ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ती भीती आमच्याही घरात आहे. १९८८ मध्ये व्हाइट सॉक्स फ्लोरिडाला, सेंट पीटर्सबर्गला जाणार हे जवळपास ठरलं होतं. ३० जूनच्या मध्यरात्रीच्या आत विधानसभेने मंजुरी द्यायची होती. घड्याळ थांबवून मतदान उरकलं, ही गोष्ट शिकागोत सगळ्यांना पाठ आहे. मग सरकारी पैशाने नवं स्टेडियम झालं, १९९१ मध्ये उघडलं. आता यंदा पुन्हा नव्या स्टेडियमची आणि सरकारी पैशाची बोलणी. १२१ हरलेल्या वर्षी मागणं मागायचं, हे मला समजत नाही.

@ओवी_आणि_अभंग, तिला सांगितलं की ते लोक खेळाडूंवर चिडलेले नाहीत, वरच्या काचेच्या खोलीवर चिडलेत. मग ती म्हणाली, "पण ऐकू तर खेळाडूंना येतंय ना." त्यावर मी गप्प बसलो. पुढच्या दोन सामन्यांत मात्र घरी घोषणा केली नाही. आणि एंजल्सविरुद्धचे तिन्ही सामने जिंकलो.

@रणजीवेडा, धपाट्याबद्दल वाचून भूक लागली.

---

बेसबॉल_बाळबोध | २८ सप्टेंबर, ३.१५

एक भाबडा प्रश्न. इतके हरलात तर तळाच्या संघाला पुढच्या वर्षी चांगले नवे खेळाडू आधी निवडायला मिळतात ना? मग फायदाच की!

---

आकडेबहाद्दर | २८ सप्टेंबर, ३.४०

@बेसबॉल_बाळबोध, पूर्वी सरळ तसंच होतं. आता पहिल्या सहा जागांसाठी सोडत असते. आणि मोठ्या बाजारपेठेतल्या, म्हणजे इतरांना पैसे देणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षं त्या सोडतीत जागा मिळत नाही. यंदा सॉक्सना मिळाली होती. त्यामुळे २०२५ मध्ये त्यांना दहाव्याच्या वर निवड करताच येणार नाही. १२१ हरूनही दहावे!

---

बेसबॉल_बाळबोध | २८ सप्टेंबर, ३.४४

दुष्काळात तेरावा महिना.

---

नव्वदचा_पोरगा | २८ सप्टेंबर, ५.१०

अवांतर: हाच तो संघ ना, ज्याच्याकडून मायकेल जॉर्डन बेसबॉल खेळला होता? आमच्या शाळेत सगळ्यांच्या दप्तरावर २३ नंबर असायचा.

---

पस्तिसावा_रस्ता | २८ सप्टेंबर, ५.३०

हो, हाच. १९९४ मध्ये सॉक्सच्या खालच्या फळीतल्या बर्मिंगहॅम बॅरन्सकडून. सरासरी .२०२. जॉर्डनच्या बास्केटबॉल संघाचे, बुल्सचे मालकही हेच, राइन्सडॉर्फ. तिथे सहा अजिंक्यपदं झाली, हे मला मान्यच करायला हवं.

---

न्यूजर्सीचा_नाना | २८ सप्टेंबर, ६.००

अवांतरावरून आठवलं. १२ जुलै १९७९, सॉक्सचं जुनं मैदान, कॉमिस्की पार्क. डिस्कोच्या तबकड्या आणा आणि स्वस्तात आत या, दोन सामन्यांच्या मध्ये मैदानावर तबकड्यांचा स्फोट. लोक मैदानात घुसले, गवत जळलं, दुसरा सामना डेट्रॉइटला बहाल करावा लागला. मिशिगनकर, तुमच्या खात्यात एक फुकटचा विजय आमच्या रस्ता काकांकडून!

---

मिशिगनकर | २८ सप्टेंबर, ६.२०

:-D व्याजासकट परत करू.

---

उत्तरवासी | ३० सप्टेंबर २०२४, ८.००

शेवटचे दोन्ही सामने जिंकलात की! ४१-१२१. आकडेबहाद्दरांच्या हिशोबाने मेट्सच्या वर. अभिनंदन म्हणू का? म्हणतोच.

---

पस्तिसावा_रस्ता | ३० सप्टेंबर, ९.१५

घे, धन्यवाद. शेवटच्या सहा सामन्यांत पाच विजय, डेट्रॉइटने २००३ मध्ये केलं होतं अगदी तसंच. गॅरेट क्रोशेबद्दल लिहायचं राहिलं होतं. पंचवीस वर्षांचा डावखुरा पोरगा, १४६ इनिंगमध्ये २०९ फलंदाज तीन स्ट्राइकवर बाद. त्याच्या हातून चेंडू सुटताना पाहणं एवढ्यासाठीच मी या वर्षी काही वेळा तिकीट काढलं. संपूर्ण संघाने मोसमभरात ५०७ धावा केल्या, सामन्याला तीनच्या आसपास. या पोराने जीव तोडून टाकायचं आणि मागे धावाच नाहीत. त्यालाही विकतील, बघा.

---

आकडेबहाद्दर | १२ डिसेंबर २०२४, १०.२०

धागा वर काढतोय. विकला. क्रोशे बॉस्टनला.

---

पस्तिसावा_रस्ता | १२ डिसेंबर, १०.५५

वाचलं. आज काही लिहीत नाही.

---

कांदाभजी | ९ मे २०२५, ७.३०

रस्ता काका!! उठा! नवे पोप तुमच्या संघाचे आहेत म्हणे!

---

पस्तिसावा_रस्ता | ९ मे, ८.०५

कालपासून चाळीस मेसेज आलेत. होय, पोप लिओ चौदावे मूळचे इथलेच, दक्षिणेकडच्या डॉल्टनचे. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याला ते स्टँडमध्ये होते, टीव्हीवरच्या चित्रणात दिसतात. म्हणजे त्या रात्री तेही तिथे होते आणि मी पुलापलीकडे खोलीत टीव्हीसमोर. मुलगी म्हणाली, "आता देवाकडे थेट लाइन आहे." तिचा उत्साह मला पुरेसा आहे.

---

ओवी_आणि_अभंग | ९ मे, ९.४०

म्हणजे सोडलेला दिसत नाही संघ :-)

---

पस्तिसावा_रस्ता | ४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.३०

मंडळी, वर्ष झालं. मूळ प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

या मोसमात ६०-१०२. लागोपाठ तिसऱ्या वर्षी शंभराच्या वर पराभव. पण गेल्या वर्षीपेक्षा १९ विजय जास्त, आणि खेळात जीव दिसला. कोल्सन माँटगोमेरी नावाचा शॉर्टस्टॉप (आतल्या फळीतला क्षेत्ररक्षक) जुलैत खालच्या संघातून वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन मारले. तेवीस वर्षांचा. त्याचा चेंडू बॅटवरून निघाला की शेजारचे सगळे न ठरवता उभे राहतात, तसं फार दिवसांनी झालं. मालकीचंही काहीतरी हललंय. जस्टिन इश्बिया या गुंतवणूकदारांशी करार झालाय, पण ताबा २०२९ च्या आधी नाही. म्हणजे अजून चार वर्षं हेच. माझा राग कमी झालेला नाही. ते पैसे खर्च करणार नसतील तर पोरगं मोठं होऊन बॉस्टनलाच जाणार, हे मला दिसतंय.

मी सोडला नाही. प्रयत्न केला होता. एप्रिल महिनाभर एकही सामना लावला नाही, स्कोअर पाहिला नाही, टोपी माळ्यावर टाकली. मे महिन्यात एका शुक्रवारी कामासाठी आयआयटीजवळ गेलो होतो. संध्याकाळी गाडीकडे परतताना फटाके ऐकू आले. मी पुलावर थांबलो. कोणी मारला, किती झाले, काहीच माहीत नव्हतं. दोन भारतीय मुलं पाठीवर सॅक घेऊन समोरून येत होती, त्यातल्या एकाने मराठीत दुसऱ्याला विचारलं, "हे रोजच असतं का रे?" मी थांबून त्यांना सांगितलं काय आहे ते. मग त्यांना घेऊनच आत गेलो. वरच्या मजल्यावर तीन तिकिटं मिळाली. एक साताऱ्याचा, एक नांदेडचा. उरलेल्या सगळ्या इनिंग त्यांना समजावत होतो, घसा बसला.

हरलो त्या दिवशी. साताऱ्याचा विचारत होता, पुढचा सामना कधी.

---

खाडीपलीकडे | ४ ऑक्टोबर, १०.१५

त्या काकांची जागा तुम्ही घेतलीत.

माझा कप अजून तुळशीजवळच आहे.

---

रणजीवेडा | ४ ऑक्टोबर, १०.४०

वा! आमची रणजी आता सुरू होतेय. सोलापूरच्या गृहस्थांचा फोन येऊन गेला, या वेळी नक्की म्हणाले.

---

वऱ्हाडी_ठेचा | ४ ऑक्टोबर, १०.५२

रणजीवेडा भाऊ, मार्चमंदी आमी तिसऱ्यांदा जिंकलो, सांगायचं राह्यलं. तुमच्यासाठी बी नारळ फोडतो, खरंच.

---

उत्तरवासी | ४ ऑक्टोबर, ११.३०

पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्याकडे कट्टा करू या का? शिकागोत आपण सातआठ जण तरी आहोत. मी कब्जची टोपी घरी ठेवीन, वचन.

---

पस्तिसावा_रस्ता | ४ ऑक्टोबर, ११.४५

करू या. वेळापत्रकात शनिवारचा दुपारचा सामना बघतो, एप्रिलच्या शेवटी. आधी नको, सुरुवातीला थंडी असते. सॉक्स-पस्तिसावा स्टेशन, रेड लाइन, वरच्या दाराशी बाराला भेटू. आत मक्याचे दाणे मिळतात, लोणी, चीज, लिंबू, तिखट घालून. पावसात सिंहगडावर कणीस खाल्लेल्यांना आवडतील. नांदेडकर आणि सातारकर येणार आहेत. वडापावचं लक्षात आहे, उत्तरवासी.

---

उत्तरवासी | ४ ऑक्टोबर, ११.४८

वीस वडे. सुकी चटणी वेगळी.